पाया खणताना कोणीतरी बघत उभं हवं : शेफील्डच्या किल्ल्याची गोष्ट



परिसर अभ्यास आणि इतिहास शिकवताना आपण मुलांना "इतिहासाची साधने" हा भाग शिकवतो. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. मुलं पाठ करतात, परीक्षेत लिहितात. पण भौतिक साधन जमिनीतून वर येतं कसं, आणि वर येताना त्याची काळजी घेतली नाही तर काय होतं, हे पुस्तकात दोन ओळींत संपतं. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी माझा एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे शौचालयाचा शोषखड्डा खणायचं काम निघालं. जेसीबी आला. मधली सुट्टी होती, त्यामुळे सगळी शाळा कडेला उभी राहून बघत होती. वरची काळी माती गेली. खाली राखेचा पट्टा लागला. त्याखालून मोठाल्या जुन्या विटा आणि खापरांचा ढीग वर आला. काही खापरांवर रेघांची नक्षी होती. मुलांनी हातात घेऊन पाहिली तेवढीच. तासाभरात सगळा राडारोडा ट्रॉलीत भरला आणि गावच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवायला गेला. चौथीतल्या एका मुलाने एक तुकडा कंपासपेटीत ठेवला होता. तो मला म्हणाला, "बाई, हे कोणाचं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. खड्डा खणला त्याच्या आदल्या दिवशी त्या प्रश्नाला उत्तर होतं. ते जमिनीत होतं. दुसऱ्या दिवशी ते कायमचं गेलं. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. बघायला कोणी नव्हतं, एवढंच.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागले. इंग्लंडमध्ये जुन्या किल्ल्याजवळ बांधकाम असेल तर खोदकाम चालू असताना एक पुरातत्त्वज्ञ तिथे उभा राहतो, बघतो, नोंद करतो, अशी पद्धत आहे असं वाचनात आलं. आपण तिला "पुरातत्त्वीय देखरेख" म्हणू. ही पद्धत समजून घ्यायला शेफील्ड शहराचं उदाहरण मला सगळ्यांत चांगलं वाटलं. चला तर मग.

१. किल्ला होता, मग गेला कुठे?

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं शहर. सुऱ्या, कात्र्या आणि पोलादासाठी जगभर प्रसिद्ध. तिथे शीफ आणि डॉन या दोन नद्यांचा संगम आहे. शीफ नदीवरूनच शहराला शेफील्ड हे नाव पडलं. आपल्याकडे जसे संगमावर किंवा नदीच्या वळणावर कोट-गढ्या बांधल्या जात, तसाच तिथेही दोन बाजूंनी पाण्याचं संरक्षण मिळेल अशा जागी किल्ला उभा राहिला.

बाराव्या शतकात विल्यम द लोव्हतो नावाच्या सरदाराने पहिला किल्ला बांधला असं मानतात. १२६६ साली राजा आणि सरदार यांच्या लढाईत तो जाळला गेला. १२७० साली थॉमस द फर्निव्हल याला राजा तिसरा हेन्री याच्याकडून दगडी किल्ला बांधायची परवानगी मिळाली. पुढे हा मोठा, भक्कम किल्ला झाला. स्कॉटलंडची राणी मेरी १५७० ते १५८४ या काळात बहुतांश वेळ शेफील्डमध्ये कैदेत होती. कधी या किल्ल्यात, तर कधी जवळच्या मॅनर लॉज नावाच्या वाड्यात.

मग इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध झालं. किल्ला राजाच्या बाजूच्या लोकांकडे होता. ऑगस्ट १६४४ मध्ये संसदेच्या सैन्याने वेढा घातला, तोफांनी तट फोडला आणि किल्ला शरण आला. पुन्हा कोणी त्याचा आसरा घेऊ नये म्हणून १६४६ साली संसदेने तो पाडून टाकायचा ठराव केला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तो जमीनदोस्त झाला. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या अनेक किल्ल्यांचे दरवाजे आणि वाटा मोडून टाकल्या. त्यामागचं कारणही असंच होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पाडलेल्या किल्ल्याचे दगड लोकांनी घरं बांधायला नेले. हे तर आपल्याही गावांत घडतं! त्या जागेवर पुढे खेळाची हिरवळ, मग कत्तलखाने, पोलादाचे कारखाने, दुकानं असं काय काय होत गेलं. अडीचशे वर्षांत किल्ला डोळ्यांसमोरून पूर्ण नाहीसा झाला. कॅसल स्ट्रीट, कॅसलगेट अशी रस्त्यांची नावं तेवढी उरली.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा : जमिनीवर काहीच दिसत नाही, म्हणजे किल्ला संपला का?

२. कायदा नव्हता, पण माणूस होता

१९२७ साली किल्ल्याच्या जागेवर एका सहकारी संस्थेचं मोठं दुकान बांधायचं ठरलं. पाया खणायला सुरुवात झाली. त्या वेळी बिल्डरने पुरातत्त्वज्ञाला बोलवावं असं सांगणारा कायदा नव्हता. तरी लेस्ली आर्मस्ट्राँग नावाचे अभ्यासक तिथे जात राहिले. मजूर खणत होते आणि ते बघत होते, मोजत होते, टिपून ठेवत होते. जोसेफ हिम्सवर्थ नावाच्या आणखी एका स्थानिक अभ्यासकानेही वह्या भरून टिपणं आणि चित्रं काढली.

काय सापडलं? किल्ल्याच्या प्रवेशद्वाराच्या बुरुजाचा खालचा भाग, उचलत्या पुलाचा दगडी खांब आणि खोल खंदक. आर्मस्ट्राँग यांना दगडी बांधकामाच्या खाली आणखी जुन्या लाकडी इमारतीच्या खुणाही दिसल्या. त्यांनी १९३० साली आपला अहवाल छापला. बुरुजाचा तो भाग नव्या इमारतीखाली जपूनही ठेवला गेला.

आता पुढची गंमत, खरं तर शोकांतिका, बघा. डिसेंबर १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी शेफील्डवर बॉम्ब टाकले आणि ते नवं कोरं दुकान उद्ध्वस्त झालं. तेरा वर्षांपूर्वी ज्या इमारतीसाठी एवढं खणलं, ती इमारतच राहिली नाही. पण आर्मस्ट्राँग यांची टिपणं राहिली, हिम्सवर्थ यांच्या वह्या राहिल्या.

नंतर त्याच जागी मोठी मंडई बांधली गेली. १९५८ ते १९७२ या काळात लेस्ली बुचर यांनी तिथल्या बांधकामांवर लक्ष ठेवून पुन्हा नोंदी केल्या. बुरुजाचे अवशेष मंडईच्या पोटात, तळघरातल्या खोल्यांमध्ये बंद झाले. वर भाजी, मासे, मटण यांचे गाळे आणि खाली मध्ययुगीन बुरूज! हजारो लोक रोज त्याच्या डोक्यावरून पिशव्या घेऊन जात होते.

या दोन-तीन माणसांच्या कामाला मर्यादा होत्या. मजूर थांबले तर थांबले, नाहीतर पळत जाऊन पाहायचं, असा प्रकार. काम थांबवायचा हक्क त्यांना नव्हता. तरीही त्यांनी जे लिहून ठेवलं ते आजही वापरलं जातं. त्यांनी लावलेल्या काही अर्थांवर नंतरच्या अभ्यासकांनी पुन्हा विचार केला. पण पुन्हा विचार करायला काहीतरी शिल्लक होतं, कारण नोंद होती. अर्थ चुकला तर दुरुस्त करता येतो, नोंदच नसेल तर दुरुस्त काय करणार? हे वाक्य मुलांना फळ्यावर लिहून द्या.

३. कायदा कधी बदलला?

१९८९ साली लंडनमध्ये एका ऑफिसच्या इमारतीसाठी खणताना रोझ नावाच्या जुन्या नाट्यगृहाचे अवशेष सापडले. शेक्सपिअरच्या काळातलं नाट्यगृह! नट, अभ्यासक, सामान्य लोक रस्त्यावर उतरले. बांधकाम चालू ठेवायचं की थांबवायचं यावर मोठा वाद झाला. सगळ्यांच्या लक्षात आलं की अवशेष सापडल्यावर धावपळ करण्यापेक्षा परवानगी देतानाच याचा विचार व्हायला हवा.

१९९० साली इंग्लंडमध्ये सरकारने नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातले मुख्य मुद्दे सोप्या भाषेत असे :

- बांधकामाची परवानगी मागतानाच त्या जागी जुने अवशेष असू शकतात का, हे तपासायचं.
- शक्य असेल तर अवशेष आहेत तिथेच सुरक्षित ठेवायचे. त्यासाठी पाया हलवायचा, नकाशा बदलायचा.
- ते शक्य नसेल तर नष्ट होण्याआधी पूर्ण नोंद करायची.
- या कामाचा खर्च ज्याला बांधकाम करायचं आहे त्याने उचलायचा.

पुढे नियमांची नावं आणि कागद बदलले, पण तत्त्व तेच राहिलं. किल्ल्याचा मुख्य भाग संरक्षित स्मारक असेल तर १९७९ च्या वेगळ्या कायद्यानुसार सरकारची खास संमती लागते. पण किल्ल्याच्या आजूबाजूच्या शेतात, रस्त्यावर, कोणाच्या परसात काम असेल तर परवानगीत एक अट घालता येते : "खोदकाम चालू असताना पुरातत्त्वज्ञ हजर असला पाहिजे."

किल्ल्याच्या बाहेर कशाला, असं मुलं विचारतील. त्याचं उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्या. किल्ल्यात नुसता राजा-सरदार राहत नसतो. लोहार, न्हावी, धोबी, भाकरी भाजणारी, घोडे सांभाळणारा, ही माणसं तटाच्या आत-बाहेर राहतात. आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याला पेठ असते, माची असते, तसंच तिकडेही. तटाचा दगड सरदाराबद्दल सांगतो. सामान्य माणसांबद्दल तटाबाहेरची माती सांगते. आणि नेमकी तीच माती पाइपलाइनसाठी, केबलसाठी, नव्या घराच्या पायासाठी रोज खणली जाते.

४. देखरेख म्हणजे नक्की काय करतात?

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून पायरी-पायरीने बघू.

पायरी पहिली : आराखडा. काम सुरू होण्यापूर्वी एक लेखी योजना तयार होते. कुठे खणणार, किती खोल, कोण बघणार, काही सापडलं तर काय करायचं, वस्तू शेवटी कोणत्या संग्रहालयात जाणार, सगळं आधी लिहितात. जुने नकाशे, जुने अहवाल वाचतात. शेफील्डमध्ये आर्मस्ट्राँग आणि बुचर यांची टिपणं इथे उपयोगी पडली.

पायरी दुसरी : यंत्रावर नजर. खणायचं काम यंत्रच करतं. पण त्याला दाते नसलेली, सपाट कडेची बकेट लावतात. दातांची बकेट माती ओरबाडते, सपाट बकेट पातळ थर सोलून काढते. विळीवर काकडी सोलावी तसं समजा. पुरातत्त्वज्ञ हेल्मेट आणि चकाकणारं जाकीट घालून सुरक्षित अंतरावर उभा राहतो आणि मातीचा रंग बदलतो का ते बघतो. रंग बदलला, की हात वर. यंत्र थांबतं. आर्मस्ट्राँग यांना जो अधिकार नव्हता तो हाच.

पायरी तिसरी : हाताने साफ करणं. आता छोटी थापी आणि ब्रश. भिंत आहे का, खड्डा आहे का, जुना रस्ता आहे का ते पाहतात.

पायरी चौथी : थरांची नोंद. प्रत्येक थराला एक नंबर देतात. प्रत्येक नंबरासाठी एक कागद भरतात : रंग कोणता, माती चिकण की वाळूची, त्यात काय आहे, तो कोणत्या थराच्या वर आणि कोणत्याच्या खाली आहे. मग मोजपट्टी ठेवून फोटो, मापानुसार चित्र आणि नेमकी जागा.

थरांचा नियम अगदी सोपा आहे. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पण कोणी मध्येच खड्डा खणला तर? मग तो खड्डा ज्या-ज्या थरांना कापतो त्या सगळ्यांपेक्षा नंतरचा. एवढ्या दोन नियमांवर अख्खा कालक्रम उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा खंदकातल्या गाळाच्या एका थरात मातीच्या चिलमीचा तुकडा सापडला. इंग्लंडमध्ये तंबाखू ओढायची पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीला पसरली. म्हणजे तो थर त्याआधीचा असूच शकत नाही! एक तुकडा एवढं सांगतो. पण कधी? तो कोणत्या थरात होता हे माहीत असेल तर. ट्रॉलीत पडलेला तोच तुकडा नुसता तुकडा असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या कंपासपेटीतल्या खापराचं असंच झालं. ते खापर हातात होतं, पण त्याचा पत्ता हरवला होता.

पायरी पाचवी : मातीचे नमुने. मातीच्या बादल्या भरून नेतात आणि पाण्यात धुऊन चाळतात. जळलेले धान्याचे दाणे, माशांची हाडं, बिया मिळतात. लोक काय खात होते ते यावरून कळतं. दरबारी कागदपत्रांत मेजवान्या असतात, रोजचं जेवण या चाळणीत सापडतं.

पायरी सहावी : अहवाल. हा लिहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानत नाहीत. अहवाल सगळ्यांना वाचता यावा असा ठेवतात, आणि त्या भागाच्या वारसास्थळांच्या यादीत नोंद जाते. पुढच्या वेळी शेजारी कोणी घर बांधायला काढलं तर तो अहवाल उघडून बघतात.

५. पुन्हा शेफील्डला

२०१३ साली ती जुनी मंडई बंद झाली आणि २०१५ साली पाडली गेली. आता त्या जागी काहीतरी नवीन करायचं होतं. पण या वेळी आधी बघायचं, मग बांधायचं असं ठरलं. २०१८ साली वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेने तिथे चाचणी खड्डे घेतले. स्थानिक स्वयंसेवकही हातात थाप्या घेऊन उतरले. किल्ल्याच्या सुरुवातीच्या काळातल्या मातीच्या टेकाडाच्या खुणा मिळाल्या. त्याच वेळी वरच्या थरांत एकोणिसाव्या शतकातल्या पोलाद कारखान्यांचे अवशेषही मिळाले.

इथे जरा थांबा. किल्ला शोधायला आलेल्या माणसाने कारखान्याच्या विटा काढून फेकायच्या का? नाही! शेफील्डचं नाव जगात झालं ते पोलादामुळे. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या कामगाराचा इतिहासही इतिहासच आहे. देखरेख करणारा माणूस आवडीचा थर निवडत नाही, जे समोर येईल ते लिहितो.

त्यानंतर या जागेवर उद्यान करायचं काम हाती घेतलं गेलं. काँक्रीटच्या खाली झाकलेली शीफ नदीही पुन्हा मोकळी करायची असं त्यात ठरलं. ही खोदाई चालू असताना खंदकात टोकदार लाकडी खुंट सापडले. २०२५ साली ही बातमी जाहीर झाली. हे खुंट यादवी युद्धाच्या काळातले, म्हणजे १६४० च्या दशकातले असावेत असं अभ्यासक म्हणतात. शत्रूने खंदक ओलांडू नये म्हणून फांद्या तासून, टोकं बाहेर करून रोवायची अशी ती पद्धत. अशा अडथळ्यांबद्दल कागदपत्रांत वाचायला मिळतं, पण प्रत्यक्ष लाकूड हाती लागणं फार दुर्मीळ.

जवळजवळ पावणेचारशे वर्षं लाकूड टिकलं कसं? हा विज्ञानाचा प्रश्न आहे, वर्गात नक्की घ्या. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आणि बहुतेक जिवाणूंना हवा लागते. खंदकाच्या ओल्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडं, बिया टिकतात. पण बाहेर काढल्याबरोबर ते सुकू लागतं, आकसतं, तडकतं. म्हणून लगेच ओलं ठेवून प्रयोगशाळेत न्यावं लागतं. कल्पना करा, तिथे कोणी बघत नसतं तर? काळे पडलेले ओले खुंट बघून कोणीही म्हणालं असतं, "जुनं सरपण दिसतंय, टाका ट्रकमध्ये." दोन दिवसांत वाळून भुगा झाला असता. १६४४ च्या वेढ्याच्या आधी आतल्या माणसांनी घाईघाईने, भीतीने तासलेली ती लाकडं. त्यांच्या कुऱ्हाडीचे घाव आपल्यापर्यंत पोचलेच नसते.

६. आणि काहीच सापडलं नाही तर?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा असंच होतं. पुरातत्त्वज्ञ पावसात, थंडीत दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळी लिहितो : "वरची माती, त्याखाली नैसर्गिक चिकणमाती. अवशेष नाहीत." वाया गेला का दिवस? नाही. इथे वस्ती नव्हती, हीसुद्धा माहितीच आहे. किल्ल्याची वस्ती कुठपर्यंत होती ते कळायचं असेल तर ती कुठे नव्हती हेही कळायला हवं. शिवाय पुढच्या माणसाचा खर्च आणि वेळ वाचतो.

मुलांना मी हे असं सांगते : हजेरीपत्रकात "गैरहजर" लिहिणं ही पण नोंदच असते. कोरी जागा सोडणं आणि "गैरहजर" लिहिणं यात फरक आहे.

७. दुसरी बाजूही बघू

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण घर बांधणाऱ्याचं काय? काम लांबतं. खर्च वाढतो. मोठ्या कंपनीला तो झेपतो, पण आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या वाढवणाऱ्याला तो डोंगर वाटतो. इंग्लंडमध्येही यावर तक्रारी होतात. दुसरीकडे, देखरेख म्हणजे हात वर करून पाहणं, पूर्ण उत्खनन नव्हे. अरुंद चरातून जेवढं दिसेल तेवढंच दिसतं. भिंतीचं टोक दिसतं, भिंत कुठे जाते ते दिसत नाही. मोठे अवशेष असण्याची शक्यता असेल तर आधी नीट उत्खननच करायला हवं. फक्त देखरेखीवर भागवलं तर उशीर झालेला असतो.

या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. आठवीच्या वर्गात यावर वादविवाद घ्या, फार छान होतो.

८. आपल्याकडे काय?

आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग नियंत्रित असतो. नियंत्रित भागात बांधकामाला परवानगी घ्यावी लागते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयही आहे.

पण लक्षात घ्या, आपल्या गावातली पांढरी, जुनी गढी, पडकी वेस यातलं बहुतेक काही कोणत्याच संरक्षित यादीत नसतं. तिथे खड्डा पडतो तेव्हा बघायला कायदा येत नाही. तिथे असतो गावातला एखादा शिक्षक, एखादा विद्यार्थी आणि एक मोबाइल. शेफील्डलाही १९२७ साली एवढंच होतं. मोबाइलऐवजी वही होती.

शिक्षक म्हणून आपण उत्खनन करायचं नाही, मुलांकडून तर मुळीच करवून घ्यायचं नाही. पण गावात खोदकाम निघालं आणि जुनं काही दिसलं तर एवढं नक्की करता येईल :

१. सुरक्षित अंतरावरूनच बघा. खड्ड्यात उतरू नका.
२. शेजारी पट्टी ठेवता आली तर ठेवून फोटो घ्या. खड्ड्याच्या उभ्या बाजूचाही फोटो घ्या, थर तिथेच दिसतात.
३. तारीख, ठिकाण, अंदाजे खोली लिहा.
४. वस्तू उचलून घरी नेऊ नका, विकू नका.
५. ग्रामपंचायत, तहसील कार्यालय किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

९. वर्गात घेण्याची कृती : "बादलीतले थर"

साहित्य : पारदर्शक प्लास्टिकची मोठी बरणी, वाळू, लाल माती, काळी माती, राख, बटण, खडूचा तुकडा, बाटलीचं झाकण, शेंगांची टरफलं.

कृती : शिक्षकांनी आदल्या दिवशी बरणीत एकावर एक थर टाकावेत. प्रत्येक थरात एक वस्तू ठेवावी. बरणीला बाहेरून कागद गुंडाळावा. वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने बरणी थेट ताटात ओतावी आणि वस्तू शोधाव्यात. दुसऱ्या गटाने तशाच दुसऱ्या बरणीतून चमच्याने एकेक थर काढून तक्ता भरावा : थर क्रमांक, रंग, वस्तू.

मग दोन्ही गटांना विचारा : आधी काय पुरलं होतं, खडू की झाकण? पहिल्या गटाकडे सगळ्या वस्तू असतील, पण उत्तर नसेल. मी हा प्रयोग तीन वर्षं घेते आहे. पहिल्या गटाचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्या क्षणी त्यांना जे कळतं ते माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने कळत नाही.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) शेफील्ड शहराला कोणत्या नदीवरून नाव मिळाले?
आ) १९२७ साली खोदकामावर नजर ठेवून कोणी नोंदी केल्या?
इ) देखरेखीच्या वेळी यंत्राला सपाट कडेची बकेट का लावतात?

प्र. २. कारणे लिहा.
अ) खंदकातले लाकडी खुंट शेकडो वर्षे टिकले.
आ) "काही सापडले नाही" हीदेखील महत्त्वाची नोंद असते.

प्र. ३. विचार करा आणि सांगा.
तुमच्या घराचा पाया खणताना जुनी भिंत लागली. काम थांबवाल का? तुमचं आणि घरच्यांचं म्हणणं दोन्ही लिहा.

प्र. ४. उपक्रम.
गावातल्या वयस्कर माणसांना विचारा : विहीर, घर किंवा रस्ता खणताना पूर्वी काय सापडलं होतं? ठिकाणासह यादी करा आणि गावाच्या नकाशावर खुणा करा.

शब्दार्थ

अवशेष – जुन्या वास्तू किंवा वस्तूचा उरलेला भाग
खंदक – किल्ल्याभोवतीचा खोल चर
थर – मातीचा पदर
यादवी – एकाच देशातल्या लोकांचं आपसातलं युद्ध
पांढरी – गावाची जुनी वस्ती असलेली जागा

मित्रांनो, शेवटचा उपक्रम मी माझ्या वर्गात घेतला तेव्हा मुलांनी सतरा ठिकाणं शोधून आणली. रांजण, जातं, विटांची भिंत, एक दगडी पन्हाळ. सगळं "सापडलं होतं, मग कुठे गेलं माहीत नाही" असं. आता तो नकाशा वर्गाच्या भिंतीवर आहे. त्या जुन्या शोषखड्ड्याची जागाही त्यावर मी स्वतः लाल पेनाने दाखवली आहे. खाली लिहिलं आहे : "राख, मोठ्या विटा, नक्षीची खापरे. खोली अंदाजे चार फूट. नोंद उशिरा केली."

"हे कोणाचं होतं?" याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. पण पुढच्या वेळी त्या जागेच्या शेजारी कोणी खणेल, तेव्हा कुठे बघायचं हे तरी कळेल.

तुमच्या गावच्या याद्या आणि नकाशे नक्की करून बघा.